बोधगयेची यात्रा : घाई न करता, घटनाक्रमाने

महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुतेक धम्मयात्रांमध्ये बोधगयेच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो. सकाळी बस पोहोचते, महाबोधी महाविहारात रांगेने दर्शन होते, दुपारी निरनिराळ्या देशांचे विहार धावतपळत पाहून होतात, मोठ्या बुद्धमूर्तीसमोर सर्वांचे एकत्र छायाचित्र निघते आणि संध्याकाळी बस राजगीर किंवा सारनाथचा रस्ता धरते. ज्या जागी सिद्धार्थ गौतमांना सम्यक संबोधी प्राप्त झाली आणि त्यानंतरही जिथे ते सात आठवडे थांबले, ती जागा एका दिवसात उरकण्याजोगी नाही. शक्य असेल त्यांनी बोधगयेसाठी पूर्ण तीन दिवस राखून ठेवावेत आणि तेथील स्थळे सोयीच्या क्रमाने न पाहता बुद्धचरित्रातील घटनांच्या क्रमाने पाहावीत, एवढेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे. डुंगेश्वरीची टेकडी, नदीपलीकडचे सुजातेचे गाव, बोधिवृक्ष आणि त्याच्या भोवतीची सात आठवड्यांची ठिकाणे या क्रमाने गेल्यास पाहिलेल्या प्रत्येक जागेचा पुढच्या जागेशी संबंध लागतो, आणि लहानपणापासून ऐकलेली बुद्धचरित्रातील कथा पायाखालच्या जमिनीवर उलगडत जाते.

केव्हा जावे

ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा आहे. एप्रिल ते जूनमध्ये गया परिसरातील तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, आणि महाविहाराच्या परिसरात अनवाणी फिरायचे असल्यामुळे दुपारी फरशीचे चटके सोसवत नाहीत. वैशाख पौर्णिमेला जाण्याची इच्छा स्वाभाविक आहे आणि त्या दिवशीचा सोहळा पाहण्यासारखाही असतो, परंतु सोबत वयोवृद्ध किंवा लहान मुले असतील तर मे महिन्यातील ऊन आणि गर्दी यांचा विचार आधी करावा. पावसाळ्यात परिसर हिरवागार असतो आणि गर्दी कमी असते. वर्षातील बराच काळ वाळूचे पात्र म्हणूनच दिसणारी निरंजना नदी वाहती पाहायची असेल, तर हेच दिवस योग्य होत.

डिसेंबर आणि जानेवारी हे बोधगयेतील सर्वांत भरगच्च महिने आहेत. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बोधिवृक्षाखाली आंतरराष्ट्रीय त्रिपिटक पठण होते आणि थायलंड, म्यानमार, श्रीलंका, कंबोडिया, व्हिएतनाम, बांगलादेश अशा देशांतील भिक्षू आपापल्या परंपरेच्या लयीत पाली सुत्ते म्हणतात. त्यानंतर तिबेटी परंपरेतील मोठ्या प्रार्थनासभा सुरू होतात. हे वातावरण अनुभवण्यासाठी जायचे असेल, तर निवासाची व्यवस्था काही महिने आधीच करावी लागते. शांतता हवी असेल त्यांनी नोव्हेंबरचा पूर्वार्ध किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध निवडावा. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत उत्तर भारतात दाट धुके पडते व रेल्वेगाड्या कित्येक तास उशिरा धावतात, म्हणून त्या दिवसांत परतीच्या प्रवासात एका गाडीला लागून दुसरी गाडी अशी बेतलेली जोडणी ठेवू नये. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. भाद्रपदातील पितृपक्षात गया शहरात पिंडदानासाठी देशभरातून लाखो लोक येतात, त्यामुळे त्या पंधरवड्यात गाड्यांचे आरक्षण, गयेतील खोल्या आणि बोधगयेपर्यंतची वाहने या सर्वांवर ताण असतो.

कसे पोहोचावे, कुठे राहावे

बोधगयेला मोठे रेल्वे स्थानक नाही. जवळचे मोठे स्थानक गया जंक्शन असून तेथून बोधगया साधारण बारा ते पंधरा किलोमीटरवर आहे. मुंबईहून प्रयागराजमार्गे हावड्याला जाणारी मेल कल्याण, नाशिक रोड, भुसावळ करत गयेला थांबते. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस मराठवाडा आणि नागपूरमार्गे गयेला पोहोचते, मात्र ती आठवड्यातून एकदाच धावते, त्यामुळे आधी तिचा दिवस पाहून मग यात्रेची आखणी करावी. विमानाने जायचे झाल्यास गया विमानतळ बोधगयेपासून अगदी जवळ आहे. हिवाळ्यात तेथे बौद्ध देशांतून थेट विमाने उतरतात, परंतु महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना बहुधा दिल्ली किंवा कोलकात्याला विमान बदलावे लागते. पाटण्यापर्यंत विमानाने जाऊन पुढचे शंभराहून अधिक किलोमीटर मोटारीने जाणे हाही एक व्यवहार्य मार्ग आहे.

गया स्थानकाबाहेर ऑटोरिक्षा आणि ई-रिक्षा सहज मिळतात. भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे आणि ते एका माणसाचे आहे की पूर्ण गाडीचे, हे स्पष्ट विचारून घ्यावे, कारण पुढे वाद होतो तो याच मुद्द्यावर. गाडी मध्यरात्री पोहोचणार असेल तर स्थानकाच्या प्रतीक्षालयात उजाडेपर्यंत थांबणे चांगले, किंवा निवासस्थानाकडून वाहन आधी सांगून ठेवावे.

राहण्यासाठी बोधगयेत हॉटेले पुष्कळ आहेत, पण धम्मयात्रेसाठी गेलेल्यांनी शक्य असल्यास एखाद्या विहाराच्या अतिथिगृहात राहावे, असे मी आवर्जून सुचवीन. अनेक देशांच्या विहारांमध्ये यात्रेकरूंसाठी साध्या, स्वच्छ खोल्या असतात. तिथे पहाटेच्या वंदनेची घंटा होते, दाराशी चपला ओळीने लावलेल्या असतात, जेवणाच्या वेळा पाळल्या जातात आणि तेथील शिस्तीत राहिल्याने आपलाही दिवस आपोआप लवकर सुरू होतो. काही ठिकाणी ठरावीक भाडे असते तर काही ठिकाणी दान अपेक्षित असते. दान ऐच्छिक असले तरी खोली, पाणी, वीज आणि जेवण यांचा खर्च लक्षात घेऊनच ते द्यावे. मोठा गट असेल तर आधी पत्र किंवा दूरध्वनी करून परवानगी घ्यावी आणि प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. बिहारमध्ये २०१६पासून दारूबंदी आहे व ती मोडणाऱ्यावर कारवाई होते, हेही गटातील सर्वांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

पहिला दिवस : डुंगेश्वरी आणि सुजातेचे गाव

बोधगयेला पोहोचताच पाय महाविहाराकडे वळतात आणि त्यात काही गैर नाही. संध्याकाळी जाऊन वंदना करून यावे. मात्र सविस्तर दर्शनाला जाण्यापूर्वी पहिली सकाळ डुंगेश्वरीसाठी द्यावी. बोधगयेच्या ईशान्येस साधारण बारा किलोमीटरवर असलेल्या या खडकाळ डोंगराला बौद्ध परंपरेत प्राग्बोधी म्हणतात. उरुवेलेच्या, म्हणजे आजच्या बोधगयेच्या परिसरात सिद्धार्थांनी सहा वर्षे जी कठोर तपश्चर्या केली, तिचा संबंध परंपरेने या डोंगराशी जोडला आहे. फाहियान आणि ह्युएनत्संग या दोन्ही चिनी यात्रिकांनी या डोंगरावरील गुहेची नोंद केली असून, येथून खाली उतरताना बोधिसत्त्वाने आपली छाया गुहेत मागे ठेवली, ही कथाही त्यांनी लिहून ठेवली आहे.

पायथ्यापासून गुहेपर्यंत चढ आहे. तो फार लांब नाही, पण सावली कमी असल्यामुळे सकाळी नऊच्या आत वर पोहोचलेले बरे. गुहेचे दार इतके ठेंगणे आहे की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत थोडेच लोक मावतात, हवा कोंदट असते, आणि दिव्यांच्या उजेडात समोर दिसते ती अस्थिपंजर झालेल्या सिद्धार्थांची सोनेरी मूर्ती. बरगड्या मोजता याव्यात, पोट पाठीला टेकलेले, डोळे खोल गेलेले असे हे रूप आपल्या घरातील किंवा विहारातील प्रसन्न बुद्धमूर्तींपेक्षा फार निराळे आहे. ही मूर्ती नंतरच्या काळातील आहे, तरीही बोधिवृक्षाकडे जाण्यापूर्वी ती पाहणे आवश्यक वाटते. देहदंडाने ज्ञान मिळत नाही हा निष्कर्ष सिद्धार्थांनी कोणत्या अनुभवातून काढला, हे येथे कोणी समजावून सांगावे लागत नाही. गुहेत मोठा गट एकदम शिरू नये. पाच-सहा जणांनी आत जावे, दोन मिनिटे शांत बसावे आणि पुढच्यांना जागा द्यावी.

परतताना बकरौर गावात थांबावे. निरंजनेच्या पूर्व काठावरील हे गाव सुजातेचे मानले जाते. तपश्चर्या सोडलेल्या, क्षीण झालेल्या सिद्धार्थांना सुजातेने खीर दिली, आणि अन्न घेतले म्हणून कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजी हे पाच साथीदार त्यांना सोडून निघून गेले. येथील विटांचा विस्तीर्ण स्तूप भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९७०च्या दशकात आणि पुढे २००१नंतर उत्खननातून उजेडात आणला. सुजातेच्या घराचा उल्लेख असलेला, पालवंशीय राजा देवपालाच्या काळातील लेखही येथे मिळाला आहे, म्हणजे नवव्या शतकातही लोक या जागेला सुजातेच्याच नावाने ओळखत होते. स्तूपावर चढू नये. बऱ्याच बस या जागी थांबत नाहीत, आणि थांबल्या तरी लोक खिडकीतूनच पाहतात. वास्तविक स्तूपाला पायी प्रदक्षिणा घालून, शेतांमधील वाटेने नदीच्या दिशेने काही अंतर चालत जाण्यात जे समाधान आहे, ते बसमध्ये बसून मिळणार नाही. पाणी नसेल तेव्हा गावातील माणसे वाळूतूनच पलीकडे ये-जा करताना दिसतात. आपण मात्र स्थानिकांना विचारल्याशिवाय पात्रात उतरू नये आणि पुलाचाच वापर करावा.

या वाटेवर मुले मागे लागतात, शाळेसाठी किंवा अनाथाश्रमासाठी वर्गणी मागणारे लोकही भेटतात. काही संस्था खरोखर चांगले काम करतात, पण रस्त्यात पावती पुस्तक घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या हातात पैसे देण्यापेक्षा ज्या संस्थेची माहिती आपल्याला आहे तिच्या कार्यालयात जाऊन दान द्यावे. मुलांना रोख पैसे दिल्याने ती शाळा सोडून रस्त्यावर उभी राहतात, म्हणून तो मोह टाळावा.

दुसरा दिवस : महाबोधी महाविहार

महाविहार पहाटे पाच वाजता उघडतो आणि रात्री नऊपर्यंत खुला असतो. प्रवेशाला शुल्क नाही. जुलै २०१३मध्ये येथे झालेल्या बाँबस्फोटांनंतर सुरक्षा कडक करण्यात आली असून मोबाइल फोन आत नेता येत नाही. तो बाहेरच्या सामानघरात ठेवावा लागतो. कॅमेऱ्यासाठी शुल्क भरून परवानगी मिळते. सर्वांचे फोन एकदम जमा करून एकाच माणसाकडे टोकन ठेवल्यास गटाचा वेळ वाचतो, आणि फोन नसल्यामुळे चुकामूक होऊ नये म्हणून आत शिरण्यापूर्वीच भेटण्याची जागा व वेळ ठरवून घ्यावी. पायात मोजे घातलेले चालतात आणि थंडीत पहाटे त्यांची फार गरज भासते.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास दारात हजर राहावे. दिवस वर आल्यावर गर्दी होते, ध्वनिक्षेपकावरून सूचना सुरू होतात आणि रांगा पुढे सरकवल्या जातात. पहाटे मात्र दिव्यांच्या उजेडात महाविहाराचे शिखर समोर उभे असते आणि आपल्याला पायऱ्या उतरून त्याच्याकडे जावे लागते, कारण आसपासची जमीन शतकानुशतकांच्या थरांनी उंचावली असून मूळ वास्तू भोवतालच्या पातळीपेक्षा सुमारे पाच मीटर खाली आहे. सम्राट अशोकाने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात येथे पहिले मंदिर उभारले. आज दिसणारी सुमारे पन्नास मीटर उंचीची विटांची वास्तू मुख्यतः पाचव्या-सहाव्या शतकातील आहे. पुढे म्यानमारच्या राजांनी तिची वेळोवेळी डागडुजी केली, आणि १८८०च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम व जे. डी. बेगलर यांच्या देखरेखीखाली मोठा जीर्णोद्धार झाला. २००२मध्ये युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

गाभाऱ्यातील भूमिस्पर्श मुद्रेतील, म्हणजे उजव्या हाताने जमिनीला स्पर्श करणारी बुद्धमूर्ती पालकाळातील असून तिला सोनेरी मुलामा दिलेला आहे. तिचे मुख पूर्वेकडे आहे. येथे वंदनेसाठी फार वेळ मिळत नाही. म्हणून आत केवळ अभिवादन करावे, चीवर (भिक्षूंचे वस्त्र) किंवा फुले अर्पण करावयाची असल्यास ती भंतेंच्या हाती द्यावीत, आणि त्रिशरण-पंचशील व बुद्धवंदना बाहेर पश्चिमेकडील बोधिवृक्षाखाली बसून म्हणावी. तिथे बसायला पुरेशी जागा आहे आणि कोणी उठवत नाही.

बोधिवृक्षाचा इतिहास माहीत असेल तर त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. सातव्या शतकात गौडदेशाच्या शशांक राजाने तो तोडला आणि पूर्णवर्म्याने त्याला पुन्हा जगवले, असे ह्युएनत्संगाने लिहिले आहे. जुना वृक्ष १८७६मध्ये वादळात कोसळला, आणि कनिंगहॅमने त्याच परंपरेतील रोप लावले ते आज आपल्यावर सावली धरून आहे. अशोकाची कन्या संघमित्रा हिने श्रीलंकेत नेलेल्या फांदीपासून वाढलेला वृक्ष अनुराधपुरात आजही उभा आहे. बोधिवृक्ष आणि महाविहाराची भिंत यांच्या मधोमध वज्रासन, म्हणजे बुद्ध जिथे बसले ते आसनस्थान आहे. अशोककालीन झिलईची ही वालुकाश्माची शिळा कठड्याआड असल्याने ती दुरूनच पाहावी लागते. वृक्षाचे पान तोडणे निषिद्ध आहे. पान आपोआप गळून पडले तर उचलावे. पहाटे तेथे बसलेले भिक्षू आणि उपासक अशा एखाद्या पानाची तासन्‌तास वाट पाहतात आणि पान पडताच किती अदबीने ते वहीत ठेवतात, हे थोडे थांबले तर पाहायला मिळते. बाहेरच्या बाजारात बोधिवृक्षाची म्हणून विकली जाणारी पाने विकत घेऊ नयेत.

वृक्षाभोवतीच्या दगडी वेदिकेसमोर (कोरीव कठड्यासमोर) किमान अर्धा तास द्यावा. तिच्यात दोन काळांचे खांब आहेत. वालुकाश्माचे जुने खांब इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे असून खडबडीत ग्रॅनाइटचे खांब गुप्तकाळातील आहेत. जुन्या खांबांवरील गोल पदकांत उमललेली कमळे आहेत, चार घोड्यांच्या रथातील सूर्य आहे, हत्तींनी अभिषेक केलेली लक्ष्मी आहे, आणि काही खांबांवर कुरंगी नावाच्या उपासिकेचे दानलेख ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी एका स्त्रीने दिलेल्या दानाची नोंद तिच्या नावानिशी टिकून राहिली आहे, हे मुद्दाम मुलींना दाखवावे. जुने बरेचसे खांब आता जवळच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या जागी प्रतिकृती बसवल्या आहेत. म्हणून संग्रहालयाची भेट याच दिवशी दुपारी ठेवावी. शुक्रवारी ते बंद असते.

त्यानंतर सात आठवड्यांची ठिकाणे क्रमाने पाहावीत. पहिला आठवडा बोधिवृक्षाखालचाच आहे. दुसऱ्या आठवड्यात बुद्ध ज्या जागेवरून बोधिवृक्षाकडे निर्निमेष पाहत राहिले, ते अनिमेषलोचन चैत्य ईशान्येच्या उंचवट्यावर आहे, आणि आपणही तिथे उभे राहून वृक्षाकडे पाहिले की ही जागा का दाखवतात ते लगेच समजते. तिसऱ्या आठवड्याचे चंक्रमण, म्हणजे बुद्ध येरझारा घालत ध्यान करत राहिले ती जागा, महाविहाराच्या उत्तर भिंतीलगत आहे. बुद्धांची पावले जिथे पडली तिथे कमळे उमलली या श्रद्धेने त्या लांबट ओट्यावर दगडी कमळे कोरलेली आहेत, आणि पहाटे त्यांच्यावर झेंडूची ताजी फुले वाहिलेली असतात. चौथ्या आठवड्याचे रत्नघर वायव्येला आहे. तेथे ध्यानस्थ बुद्धांच्या देहातून सहा रंगांचे किरण निघाले, अशी परंपरा आहे. आपण घरावर आणि विहारावर जो पंचशील ध्वज लावतो, त्यातील रंगांचे मूळ याच आख्यानात आहे, हे गटातील तरुणांना सांगावे.

पाचव्या आठवड्याचे अजपाल न्यग्रोध वृक्षाचे स्थान पूर्व प्रवेशाजवळ, म्हणजे आपण आत येतो त्या वाटेवरच आहे. माणूस जन्माने नव्हे तर कर्माने ब्राह्मण होतो, हे उत्तर बुद्धांनी एका अहंकारी ब्राह्मणाला दिले ते येथे. बहुतेक लोक घाईत ही जागा दाखवणाऱ्या खांबावरून पुढे निघून जातात. महाराष्ट्रातून गेलेल्या बौद्ध बांधवांनी तरी येथे थांबून हा प्रसंग वाचावा, असे मला फार मनापासून वाटते, कारण ज्या विचारासाठी बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला त्याचा उच्चार संबोधीनंतरच्या अगदी आरंभीच्या दिवसांत येथे झाला, असे पाली साहित्य सांगते. सहाव्या आठवड्याचे मुचलिंद सरोवर दक्षिणेला आहे. तळ्याच्या मध्यभागी फणा उभारलेल्या मुचलिंद नागराजाच्या छायेत बसलेले बुद्ध दाखवले आहेत. हे तळे स्मृतिस्वरूप असून परंपरेने मानलेले मूळ ठिकाण दक्षिणेकडील मोचारिम गावात आहे. सातव्या आठवड्याच्या राजायतन वृक्षाचे स्थान आग्नेयेस आहे. तपस्सु आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी येथे बुद्धांना सत्तू आणि मध अर्पण केला आणि ते पहिले उपासक झाले. तेव्हा संघ स्थापन झालेला नव्हता, म्हणून त्यांनी बुद्ध आणि धम्म या दोनांनाच शरण गेल्याचे म्हटले.

परिसरात वागण्याचे काही संकेत पाळावेत. प्रदक्षिणा नेहमी उजव्या अंगाने, म्हणजे स्तूप किंवा वृक्ष आपल्या उजव्या हाताला ठेवून घालावी. तिबेटी उपासक लाकडी फळ्यांवर दिवसभर साष्टांग दंडवत घालत असतात. त्यांच्या फळ्या ओलांडू नयेत आणि त्यांचे जवळून छायाचित्र काढू नये. भिक्षूंचा पठणवर्ग चालू असेल तेव्हा गटाने घोषणा देऊ नयेत. जयघोष आपल्या श्रद्धेचा भाग आहे, पण त्यासाठी बाहेरचे मोकळे मैदान आहे. पांढरी किंवा साधी, अंगभर वस्त्रे घालावीत. मार्गदर्शक हवा असल्यास शासनमान्य ओळखपत्र पाहूनच ठरवावा, आणि चीवर नेसून पैशांसाठी पात्र पुढे करणाऱ्या प्रत्येकाला भिक्षू समजू नये.

या वास्तूच्या व्यवस्थापनाची माहितीही यात्रेकरूला असावी. महाविहार दीर्घ काळ शैव महंतांच्या ताब्यात होता. श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल १८९१मध्ये येथे आले, येथील दुरवस्थेने व्यथित झाले आणि त्याच वर्षी त्यांनी महाबोधी सोसायटी स्थापन करून महाविहार बौद्धांच्या हाती यावा यासाठी आयुष्यभर लढा दिला. १९४९च्या बोधगया मंदिर कायद्यानुसार नेमलेल्या समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य असतात व जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात. हा कायदा बदलून संपूर्ण व्यवस्थापन बौद्धांकडे द्यावे, या मागणीसाठी १९९०च्या दशकात नागपूरचे भदंत सुरेई ससाई यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले. त्यात महाराष्ट्रातून गेलेल्या उपासक-उपासिकांचा मोठा सहभाग होता, आणि ही मागणी अद्याप जिवंत आहे. जगातील इतर धर्मीयांना आपल्या सर्वोच्च श्रद्धास्थानाचा कारभार स्वतः पाहता येतो, मग बौद्धांना का नाही, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

तिसरा दिवस : देशोदेशीचे विहार

तिसऱ्या दिवशी सकाळी विहार पाहावेत. दुपारी बहुतेक विहार दोन-अडीच तास बंद असतात, हे लक्षात घेऊन आखणी करावी. थाई विहाराचे सोनेरी उतरते छत, भूतानच्या विहारातील मातीत घडवलेले बुद्धचरित्राचे प्रसंग, जपानी विहारातील अत्यंत साधी मांडणी आणि तिबेटी विहारातील प्रचंड प्रार्थनाचक्र पाहिले की एकाच धम्माने किती भिन्न संस्कृतींमध्ये मूळ धरले, याची कल्पना येते. सगळेच विहार पाहण्याचा अट्टहास न धरता तीन-चार निवडावेत आणि त्यांतील एखाद्यात सायंवंदनेला बसावे. सुमारे ऐंशी फूट उंचीची बुद्धमूर्ती १९८९मध्ये दलाई लामांच्या हस्ते खुली झाली. तिथे अर्धा तास पुरतो. विपश्यनेची ओढ असलेल्यांसाठी गोयंका गुरुजींच्या परंपरेतील धम्मबोधी हे केंद्र आहे, परंतु तेथील शिबिरे इगतपुरीप्रमाणेच दहा दिवसांची असतात व आधी अर्ज करावा लागतो.

गया शहरातील ब्रह्मयोनी टेकडी म्हणजे पाली साहित्यातील गयासीस. उरुवेल काश्यप व त्याच्या भावांसह हजार जटिलांना (जटाधारी तपस्व्यांना) बुद्धांनी आदित्तपरियाय सुत्त सांगितले ते येथे. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण वरून फल्गू नदीचे पात्र आणि सारे शहर दिसते. त्याच शहरातील विष्णुपद मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधवले, त्यामुळे इतिहासाची आवड असलेल्या मराठी माणसाला तेही पाहावेसे वाटेल.

जेवणासाठी बोधगयेत तिबेटी थुक्पा-मोमोपासून लिट्टी-चोख्यापर्यंत सर्व मिळते. हिवाळ्यात गयेचा तिळकूट ताजा मिळतो. गयेतील रमणा भागातील गल्लीत तो कुटताना पाहून मगच घ्यावा. पाणी बाटलीबंद प्यावे आणि संध्याकाळी डासांपासून बचावाचे मलम जवळ ठेवावे.

पुढे जायचे असल्यास राजगीर सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे आणि तेथून नालंदा बारा-तेरा किलोमीटर. एका दिवसात दोन्ही होतात, पण गृध्रकूट टेकडीवर सकाळी लवकर चढायचे असेल तर राजगीरला एक मुक्काम करावा. वाटेत सिलाव गावचा खाजा प्रसिद्ध आहे. बुद्धचरित्राचा क्रम पुढे चालू ठेवायचा असेल, तर मात्र राजगीरच्या आधी सारनाथला जावे, कारण बोधीनंतर बुद्ध आपल्याला सोडून गेलेल्या पाच साथीदारांना शोधत तिकडेच निघाले होते. गयेहून वाराणसी किंवा पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनकडे दिवसभर गाड्या आहेत. सकाळची गाडी धरल्यास दुपारी धमेक स्तूपापाशी पोहोचता येते, आणि सारनाथचे संग्रहालयही शुक्रवारी बंद असल्याने तो वार टाळून तिकिटे काढावीत.